स्टेडियमच्या छपरावरची वीज

मुंबईत चर्चगेटजवळच्या ब्रेबर्न स्टेडियमवर २०२१ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि टाटा पॉवर यांनी मिळून ८२० किलोवॅट क्षमतेचा सौर प्रकल्प उभा केला. २,२८० पॅनेल, वर्षाला सुमारे ११ लाख २० हजार युनिट आणि वीजखर्चात अंदाजे २५ टक्के बचत, असा त्याचा जाहीर झालेला हिशेब. मला यातला शेवटचा आकडा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो प्रामाणिक आहे. ‘सूर्यावर चालणारे स्टेडियम’ म्हटले की सगळी वीज छपरावरूनच येते असा समज होतो. येतो तो तिचा एक भाग. पण तो भाग वर्षानुवर्षे न चुकता येत राहावा, हेच अवघड काम आहे आणि त्यासाठीच क्लबला वीजधंद्यातला भागीदार लागतो.

पहिला आक्षेप ठरलेला: सामने रात्री, ऊन दिवसा, मग उपयोग काय? इथे स्टेडियमचा वीजवापर नीट पाहायला हवा. समजा, प्रकाशझोतांना हजार किलोवॅट लागतात आणि ते सहा तास जळतात. म्हणजे सहा हजार युनिट. ब्रेबर्नच्या छपराचे सरासरी रोजचे उत्पादन तीन हजारांच्या आसपास येते, म्हणजे एक सामना दोन दिवसांची वीज खातो. पण असे सामने वर्षात मोजकेच. क्लबाचा रोजचा खर्च वेगळाच असतो: जलतरण तलावाचे पंप, स्वयंपाकघर, शीतपेट्या, खोल्यांची वातानुकूलन यंत्रे. ही सगळी भर दुपारी चालू असतात आणि छपरावरची वीज तिथल्या तिथे वापरली जाते. रात्रीसाठी साठवणच हवी असेल तर तीही होते. ॲमस्टरडॅमच्या योहान क्रायफ अरेनात २०१८ साली निसान आणि ईटन यांच्या भागीदारीतून विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या १४८ बॅटऱ्यांएवढा साठा बसवला गेला. त्यातल्या काही तर आधी वापरलेल्या होत्या. मात्र साठवण महाग आहे. दुपारचाच वापर मोठा असेल तिथे तिची घाई करू नये.

भागीदारीचे ढोबळ दोन प्रकार आहेत. क्लब स्वतः पैसे घालून प्रकल्प विकत घेतो, किंवा कंपनी स्वखर्चाने पॅनेल बसवते आणि क्लब ठरलेल्या दराने युनिटमागे पैसे देतो. माझा कौल दुसऱ्याला. मुंबईत धूळ आहे, समुद्राची खारी हवा आहे, कबुतरे-कावळे आहेत. पॅनेल मळले की वीज घटते, आणि पावसाळ्याचे चार महिने उत्पादन तसेही उतरते. युनिटवर कमाई असलेली कंपनी पॅनेल धुण्यात दिरंगाई करणार नाही, कारण नुकसान तिचेच. विकून मोकळ्या झालेल्या कंपनीला ही तळमळ असेलच असे नाही. तिथे किमान उत्पादनाची हमी करारातच लिहून घ्यावी लागते. दुसऱ्या प्रकारात क्लब पंधरा-वीस वर्षे एकाच कंपनीशी बांधला जातो, ही तक्रार रास्त आहे. म्हणून दरवाढीची मर्यादा आणि छप्पर दुरुस्तीला काढल्यास काय करायचे, हे आधीच ठरवावे.

ही सगळी कंपन्यांची जाहिरातबाजी आहे, असेही म्हटले जाते. टाटा पॉवर ट्रॉम्बेत कोळसाही जाळते, हे खरेच. पण याच उद्योगसमूहाने १९१५ साली खोपोलीहून जलविद्युत आणून मुंबईच्या गिरण्या चालवल्या होत्या, हेही खरे. कंपनीच्या पुण्याईवर मला निकाल द्यायचा नाही. छपरावरची वीज मीटरवर मोजली जाते. तेवढी युनिट बाहेरून घ्यावी लागली नाहीत, तर तेवढा कोळसा वाचला, मग जाहिरात कोणी का करेना.

तुम्ही एखाद्या जिमखान्याचे किंवा क्लबाचे सभासद असाल, तर येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत विचारा: आपले छप्पर किती वीज देऊ शकेल, आणि ती कमी पडली तर भरपाई कोण देणार? या दुसऱ्या प्रश्नाचे लेखी उत्तर मिळाल्याशिवाय सही होऊ देऊ नका.