थेट नभोवाणीतील खंड : महाजालावरील ध्वनिप्रवाहाच्या दोषांचे निदान

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. त्यानंतरच्या दोनतीन पिढ्यांतील श्रोत्यांना नभोवाणीसंचातील दोष कानानेच ओळखण्याची सवय होती. वीज कडाडली की खरखर होई. लघुलहरींवरील दूरचे केंद्र क्षीण होत जाऊन पुन्हा उमटे. शेजारचे केंद्र मध्ये घुसले तर शिट्टी ऐकू येई. दोष स्वतःच आपले कारण सांगत असे. महाजालावरून, म्हणजे इंटरनेटवरून, थेट नभोवाणी ऐकणाऱ्यास ही सोय उरलेली नाही. बिघाड केंद्रातील असो, घरच्या राउटरमधील असो वा मोबाइलमधील एखाद्या नियमामुळे उद्भवलेला असो, श्रोत्याच्या पदरी पडते ती शांतताच. अनेक कारणे आणि लक्षण मात्र एकच, ही या विषयातील मूळ अडचण होय. ध्वनीच्या मार्गाचे टप्पे पाडून दोष कोणत्या टप्प्यात आहे हे क्रमाने ठरविणे, हाच तिच्यावरील उपाय आहे. त्या पद्धतीचे विवेचन येथे करावयाचे आहे. नभोवाणीवरील भाषा, वार्ता वा लोकसंगीत यांच्या अभ्यासकांस तिचे महत्त्व केवळ सोयीपुरते नाही, हे शेवटी दिसून येईल.

प्रथम मार्गाचे स्वरूप पाहू. केंद्रातील ध्वनीचे एमपी३ अथवा एएसी यांसारख्या पद्धतीने संक्षिप्त अंकरूप तयार होते. ते एका सर्व्हरकडे जाते. तेथून महाजालाद्वारे श्रोत्याच्या राउटरकडे अथवा मोबाइलच्या मनोऱ्याकडे येते. शेवटी ब्राउझर किंवा ॲप त्याचे पुन्हा ध्वनीत रूपांतर करते. वाटेत माहितीचा एखादा तुकडा हरवला तर तो बहुधा पुन्हा मागविला जातो. त्यामुळे जे पोहोचते ते शुद्ध असते, परंतु उशिरा पोहोचते. हा उशीर झाकण्यासाठी ग्राहकयंत्र काही सेकंदांचा साठा जवळ बाळगते. त्यास बफर म्हणतात. साठा संपला की आवाज थांबतो. जुन्या संचात दोष खरखरीने प्रकट होई आणि येथे शांततेने, त्याचे कारण हे आहे.

येथेच एक गैरसमज दूर केला पाहिजे. विलंब हा दोष नव्हे. आज बहुप्रचलित असलेल्या एचएलएस पद्धतीत ध्वनी लहान लहान खंडांच्या रूपाने पाठविला जातो, आणि ग्राहकयंत्राने अखेरच्या टोकापासून निदान तीन खंड मागे राहून ऐकविण्यास आरंभ करावा, असा तिचा संकेत आहे. सहा सेकंदांचा एक खंड धरल्यास अठरा सेकंदांचा विलंब येथेच झाला. म्हणून महाजालावरून ऐकलेल्या वेळसूचक ठोक्यांवर घड्याळ लावू नये, आणि ठोके उशिरा पडतात म्हणून प्रवाह बिघडला असेही मानू नये.

आता निदानाकडे वळू. दोन प्रश्नांनी क्षेत्र पुष्कळच आकुंचित होते. त्याच यंत्रावर, त्याच जोडणीवर दुसरे केंद्र लागते काय? लागत असल्यास दोष बहुधा पहिल्या केंद्राच्या बाजूस, अथवा त्या केंद्राशी जुळवून घेण्याच्या आपल्या यंत्राच्या क्षमतेत आहे. तेच केंद्र दुसऱ्या यंत्रावर आणि दुसऱ्या जोडणीवर, उदाहरणार्थ वाय-फाय बंद करून मोबाइलच्या डेटावर, लागते काय? लागत असल्यास केंद्र निर्दोष आहे. मात्र यंत्र आणि जोडणी ही दोन्ही एकाच वेळी बदलू नयेत. बदलल्यास आवाज सुरू होईल, पण कारण हाती लागणार नाही. एका वेळी एकच घटक बदलणे, हा प्रयोगशाळेतील नियम येथेही लागू आहे.

प्रवाह मुळीच सुरू होत नसेल, तर कारण गतीचे क्वचितच असते. ते बहुधा परवानगीचे किंवा कालबाह्यतेचे असते. २०१८ पासून क्रोम ब्राउझर वापरणाऱ्याच्या कृतीवाचून पृष्ठावरील आवाज सहसा सुरू होऊ देत नाही. तेथे एकदा बटण दाबणे एवढाच उपाय पुरतो. एचटीटीपीएस या सुरक्षित पृष्ठावर जुना असुरक्षित ध्वनिप्रवाह जोडला असेल, तर ब्राउझर तो अडवितो. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार काढून घेतल्यावर त्यावर विसंबणारे सर्व ध्वनिवादक निरुपयोगी झाले. ३० सप्टेंबर २०२१ रोजी लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेच्या प्रमाणपत्रांचा एक जुना मूलाधार कालबाह्य झाला. ज्या जुन्या यंत्रांत नवा मूलाधार नव्हता, त्यांपैकी अनेकांना सुरक्षित जोडणी करता येईना. यंत्रातील दिनांक चुकला असला तरी हाच परिणाम होतो; म्हणून प्रथम घड्याळ तपासावे. प्रवाहाचा पत्ता वा प्रकार केंद्राने बदलणे हे आणखी एक कारण होय. २०१५ साली बीबीसीने आपले जुने डब्ल्यूएमए प्रवाह बंद केले, तेव्हा त्यांवर अवलंबून असलेले धडधाकट रेडिओसंच मुके झाले. केंद्र चालू होते, संचही चालू होता. तुटला होता तो दोहोंमधील करार.

काही केंद्रे विशिष्ट देशाबाहेर ऐकू येत नाहीत, किंवा क्रीडासमालोचनाच्या वेळीच बंद होतात. हा यंत्राचा दोष नसून प्रक्षेपणहक्कांची मर्यादा असते. परदेशस्थ मराठी श्रोत्याने राउटर बदलण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

प्रवाह सुरू होऊन मध्येच तुटत असेल, तर थोडे गणित उपयोगी पडते. सेकंदास ६४ किलोबिट या दराचा प्रवाह सेकंदाला ८ किलोबाइट, म्हणजे तासाला सुमारे २८.८ मेगाबाइट माहिती आणतो. आजच्या सामान्य जोडणीस हे ओझे नगण्य आहे. म्हणून 'गती कमी आहे' हे निदान सहसा चुकीचे ठरते. उणीव असते ती सातत्याची. दुबळे वाय-फाय, एका मनोऱ्याकडून दुसऱ्याकडे जाणारा मोबाइल, वाय-फायवरून डेटावर होणारे संक्रमण, पडदा मिटल्यावर ॲपला झोपविणारी बॅटरी-बचतीची व्यवस्था, ही नेहमीची कारणे होत. राउटरला तारेने जोडून पाहणे, ॲपला बॅटरी-बचतीतून सूट देणे आणि कमी दराचा प्रवाह निवडणे, हे उपाय याच क्रमाने करावेत. तासन्‌तास निर्वेध चालल्यावर ठरावीक अवधीने येणारा खंड मात्र निराळा. प्रेषकाचे व ग्राहकाचे ध्वनिघड्याळ तंतोतंत जुळत नाही. ग्राहकाचे घड्याळ दशलक्षांत शंभर भागांनी पुढे धावत असेल, तर साठा तासाला ०.३६ सेकंदाने आटतो, आणि तीन सेकंदांचा साठा सुमारे आठ तास वीस मिनिटांत संपतो.

आता अभ्यासकांच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा. खंडानंतर ग्राहकयंत्र दोहोंपैकी एक मार्ग घेते : थांबले तेथून पुढे चालू लागते, अथवा मधला भाग टाकून थेट टोकाशी उडी मारते. दुसऱ्या प्रकारात शब्द कायमचे गळतात. ध्वनिमुद्रण करणाऱ्या आज्ञावलीने पुन्हा जोडणी करून त्याच फाइलला पुढचा भाग जोडला, तर त्या सांध्यावर शांतताही उरत नाही. दोन वाक्यांचे तुकडे जुळून निवेदकाने न उच्चारलेले वाक्य तयार होऊ शकते. बातमीपत्रातील वाक्यरचना, विरामांची लांबी वा शब्दांची वारंवारता मोजणाऱ्यास असे मुद्रण म्हणजे भ्रष्ट पाठ होय. तो भ्रष्ट आहे हे दर्शविणारी खूण मात्र त्याच्यावर नसते.

यास्तव तीन सावधगिरी आवश्यक वाटतात. पहिली, मुद्रणाच्या आरंभाची व अखेरची वेळ स्वतंत्र घड्याळावरून नोंदवावी आणि फाइलची लांबी तिच्याशी ताडून पाहावी. फाइल आखूड भरल्यास गळती झाली असे समजावे. आइसकास्टसारखा सर्व्हर आरंभीच सुमारे ६४ किलोबाइट जुनी माहिती एकदम देतो. ६४ किलोबिटांच्या प्रवाहात ती सुमारे आठ सेकंद भरते. फाइल तेवढी लांब भरली तर नवल नाही. पण तेवढीच लहानशी गळती या वाढीखाली झाकली जाते, हेही विसरू नये. दुसरी, शक्य तेथे त्याच कार्यक्रमाचे दुसरे मुद्रण वेगळ्या जोडणीवरून करावे. केंद्र टप्प्यात असल्यास साध्या एफएम संचावरून केलेले मुद्रण सर्वांत चांगले. तिसरी, पुन्हा जोडणी झाल्याच्या प्रत्येक वेळेची नोंद आज्ञावलीकडून ठेवून घ्यावी आणि ती मुद्रणासोबत जतन करावी.

हस्तलिखिताचा अभ्यासक पाठ वापरण्यापूर्वी गहाळ पाने मोजतो. थेट ध्वनिप्रवाहाच्या अभ्यासकाने गहाळ सेकंद मोजले पाहिजेत. श्रोत्याच्या दृष्टीने खंड ही क्षणाची गैरसोय असेल. संशोधकाच्या दृष्टीने तो पुराव्यातील छेद आहे, आणि तो शोधण्याची जबाबदारी मुद्रण करणाऱ्याचीच आहे.