तारेचा रोध आणि धातूची रोधकता

आज आपण एक साधा प्रश्न घेऊ. तांब्याची तार आणि ॲल्युमिनियमची तार, यांतली विजेला जास्त अडवणारी कोणती? आपण चटकन म्हणतो, ॲल्युमिनियमची. पण तांब्याची तार शंभर मीटर लांब नि केसासारखी बारीक असेल, आणि ॲल्युमिनियमची एक मीटर लांब नि बोटाएवढी जाड असेल, तर? मग तांब्याचीच तार जास्त अडवेल. म्हणजे मुळात आपला प्रश्नच अपुरा होता.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. रोध हा त्या विशिष्ट तारेचा असतो. लांबी दुप्पट केली की तो दुप्पट होतो. छेदाचे क्षेत्रफळ दुप्पट केले की निम्मा. म्हणून रोधाला क्षेत्रफळाने गुणायचं आणि लांबीने भागायचं. मग जी राशी मिळते ती रोधकता, आणि ती धातूची. वैशेषिक म्हणतात, गुण द्रव्याच्या आश्रयाने राहतो. आपण विचारायचं ते हे, की कोणता गुण नेमका कशाच्या आश्रयाने?

आता आकडे पाहू. एका ओहम-मीटरचे दहा कोटी भाग केले, तर २० अंश सेल्सिअसला चांदीची रोधकता त्यातले सुमारे १.६ भाग, तांब्याची १.७, ॲल्युमिनियमची २.७ आणि नायक्रोम या मिश्रधातूची जवळजवळ ११० भाग. म्हणूनच घरातल्या वायरिंगला तांबं आणि शेगडीच्या कॉइलला नायक्रोम.

पण '२० अंशाला' असं का म्हटलं? कारण तापमान एक अंश वाढलं की तांब्याची रोधकता सुमारे ०.४ टक्के वाढते. म्हणजे हा आकडासुद्धा अट सांगूनच द्यावा लागतो.

आता सारख्या जाडीच्या तारांऐवजी सारख्या लांबीच्या नि सारख्या वजनाच्या तारा घ्या. ॲल्युमिनियमची घनता २.७, तांब्याची जवळजवळ ९. त्यामुळे ॲल्युमिनियमच्या तारेच्या छेदाचे क्षेत्रफळ तिपटीहून जास्त निघतं, आणि तिचा रोध तांब्याच्या तारेच्या निम्म्याच्या आसपास येतो! मनोऱ्यांवरून जाणाऱ्या उच्चदाबाच्या तारा ॲल्युमिनियमच्या असतात, त्याचं हे एक मोठं कारण.

मग चांगला वाहक कोण? भिंतीतल्या नळीत जागा मोजकी, तिथे तांबं. मनोऱ्यावर वजन पेलायचं, तिथे ॲल्युमिनियम. यावरून 'सगळंच सापेक्ष' असा निष्कर्ष मात्र काढू नये. काय समान धरायचं हे आपण ठरवतो; ते एकदा ठरलं, की पुढचं उत्तर आपल्या आवडीनिवडीवर राहत नाही.