स्लाइडची गती कोणाच्या हाती?

कोविडच्या साथीत ब्रिटिश पंतप्रधानांच्या निवासस्थानातून होणाऱ्या वार्ताहर परिषदांमध्ये इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी क्रिस व्हिटी यांच्या तोंडी तीन शब्द वारंवार येत: ‘नेक्स्ट स्लाइड, प्लीज.’ पुढे ते शब्द मगांवर आणि टी-शर्टांवरही झळकले. थट्टा बाजूला ठेवली, तरी त्यामागची अडचण खरी आहे. बोलणारा एक आणि बटण दाबणारा दुसरा असला, की प्रत्येक स्लाइडपाशी विचाराचा धागा क्षणभर तुटतो.

परदेशस्थ मराठी व्यावसायिकांच्या बाबतीत एखादे कंत्राट किंवा बढती वीस मिनिटांच्या सादरीकरणावर अवलंबून असू शकते. तरीही सारी मेहनत मजकुरावर होते आणि गतीचा विचार आयत्या वेळेवर सोडला जातो. वास्तविक गती बिघडते ती बहुधा स्लाइड बदलण्याच्या क्षणी. अनेक वक्ते आधी बटण दाबतात, मग पडद्याकडे वळतात आणि तिथे काय आहे ते पाहून बोलू लागतात. क्रम उलटा हवा. ‘खर्च वाढला तो मार्चनंतर’ असे सूतोवाच आधी व्हावे आणि आलेख त्यामागून यावा. पॉवरपॉइंटच्या ‘प्रेझेंटर व्ह्यू’मध्ये पुढची स्लाइड वक्त्याला आधीच दिसते, त्यामुळे हे सहज जमते. आलेख गुंतागुंतीचा असेल, तर तो आल्यावर काही सेकंद गप्प राहावे. डोळ्यांनी एक मजकूर वाचणे आणि कानांनी दुसरा ऐकणे ही दोन्ही कामे श्रोत्यांना एकाच वेळी नीट जमत नाहीत. परक्या भाषेत बोलताना ही शांतता वक्त्याला फार लांब वाटते. श्रोत्यांना ती जाणवतही नाही.

गती यंत्राच्या हाती सोपवण्याचा प्रयोगही झाला आहे. अ‍ॅस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डायथम या वास्तुविशारदांनी २००३ साली टोकियोत ‘पेचाकुचा’ सुरू केले. त्यात २० स्लाइड, प्रत्येकी २० सेकंद. ६ मिनिटे ४० सेकंदांत खेळ संपतो. पाल्हाळाला आळा घालायला हा उपाय नामी आहे, पण प्रश्नोत्तरे मध्येच सुरू होणाऱ्या बैठकीत तो कुचकामी ठरतो. नेमका तसाच सापळा पॉवरपॉइंटमध्येही आहे. ‘रिहर्स टायमिंग्ज’ने सराव करून त्या वेळा जतन केल्या, की प्रत्यक्ष कार्यक्रमात स्लाइड आपोआप पुढे सरकू लागतात. म्हणून सराव जरूर करावा, मात्र अखेरीस वेळा जतन करण्याविषयी विचारले जाते तेव्हा ‘नो’ म्हणावे.

ऑनलाइन बैठकीत वक्ता स्वतः मागे पडण्याचीही शक्यता असते. टीम्समधील ‘पॉवरपॉइंट लाइव्ह’मध्ये श्रोत्यांना स्वतःहून पुढच्या स्लाइड पाहता येतात. वक्ता प्रस्तावनेत असतानाच कुणी शेवटचा आकडा वाचून मोकळा होतो! तसे नको असेल, तर ती मुभा आधीच बंद करावी. झूममध्ये स्लाइड बदलण्याचा अधिकार सहवक्त्याला देता येतो. मग कुणाला विनवण्याची वेळ येत नाही.

चर्चा रंगली, तर कळफलकावरील ‘बी’ दाबून पडदा काळा करावा. लक्ष माणसाकडे परतते. आणि वेळ संपत आली, की स्लाइडमागून स्लाइड भराभर उलटण्याचा मोह टाळावा. स्लाइडचा क्रमांक टाइप करून ‘एंटर’ दाबले, की पॉवरपॉइंट थेट तिथे पोहोचते. निष्कर्षाच्या स्लाइडचा क्रमांक तेवढा कागदावर टिपून ठेवलेला असावा. मधल्या स्लाइड नंतर ईमेलनेही पाठवता येतात.