लंडनच्या एका टेलिव्हिजन कंपनीची मुद्रा

जुन्या दस्तऐवजाच्या शेवटीं मोहोर असते, पुस्तकाच्या पहिल्या पानावर प्रकाशकाचें चिन्ह असतें, कापडाच्या ठाणावर गिरणीचा छाप असतो. वस्तु कोणीं घडविली आणि तिच्या बऱ्यावाइटाची जबाबदारी कोणाची, हें सांगणें एवढेंच या सर्व खुणांचें मूळ कार्य. टेलिव्हिजनचा कार्यक्रम ही हातांत धरतां येण्यासारखी वस्तु नाहीं. तो दिसतो आणि विरून जातो. तेव्हां त्याच्यावर छाप मारावयाचा तरी कोठें? ब्रिटनमधील टेलिव्हिजन कंपन्यांनीं या प्रश्नाचें सोपें उत्तर शोधून काढलें. कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीं चार-सहा सेकंद एक चित्र दाखवावयाचें आणि त्याच्यासोबत चार स्वर वाजवावयाचे. हीच त्या कंपनीची मुद्रा. अशा मुद्रा पुष्कळ झाल्या. परंतु त्यांचा जन्म, उत्कर्ष आणि ऱ्हास हीं तिन्ही एकाच ठिकाणीं पाहावयाचीं असतील, तर ‘थेम्स टेलिव्हिजन’ या कंपनीच्या मुद्रेइतकें बोलकें उदाहरण क्वचितच सांपडेल.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, अशा मुद्रांची गरज ब्रिटनमधील व्यवस्थेंतूनच उत्पन्न झाली. १९३६ सालीं बी. बी. सी. नें लंडनमध्यें टेलिव्हिजनचे नियमित कार्यक्रम सुरू केले. ही संस्था एकच, आणि तिचा खर्च चाले प्रेक्षकांच्या परवाना-शुल्कावर. पुढें १९५४ च्या कायद्यानें जाहिरातींच्या उत्पन्नावर चालणाऱ्या दुसऱ्या सेवेस वाट मिळाली आणि २२ सप्टेंबर १९५५ रोजीं ती लंडनमध्यें सुरू झाली. मात्र हा नवा अधिकार पार्लमेंटनें एकाच धनिकाच्या हातीं दिला नाहीं. एक सार्वजनिक मंडळ नेमलें, प्रक्षेपणाचे मनोरे त्या मंडळाच्या मालकीचे ठेवले, आणि देशाचे निरनिराळे विभाग पाडून प्रत्येक विभाग ठराविक मुदतीच्या कराराने वेगवेगळ्या कंपन्यांस दिला. लंडनसारख्या मोठ्या विभागांत तर आठवड्याचेहि दोन वाटे केले होते. सोमवार ते शुक्रवार एक कंपनी, शनिवार-रविवार दुसरी.

या कंपन्या एकमेकींचे कार्यक्रम घेत व देत. मँचेस्टरच्या घरांत बसलेल्या माणसास रात्रीं आठ वाजतां लंडनचें नाटक दिसावें आणि नऊ वाजतां बर्मिंगहॅमचा विनोदी कार्यक्रम दिसावा, असा प्रकार नित्याचा होता. अशा वेळीं कोणतें नाटक कोणाचें, हें प्रेक्षकास कसें कळावें? म्हणून प्रत्येक कार्यक्रमाच्या आरंभीं तो निर्माण करणाऱ्या कंपनीची मुद्रा दाखविण्याचा प्रघात पडला. प्रेक्षकांना हळूहळू या मुद्रांची पारख होऊं लागली. अमुक चिन्ह दिसलें कीं नाटक चांगलें असावयाचें, अमुक सूर ऐकूं आला कीं मुलांनीं खोलींत धांवत यावयाचें, अशी एक अबोल भाषाच घरोघरीं तयार झाली.

थेम्स कंपनीच्या दोन्ही पूर्वज कंपन्यांना आपापल्या मुद्रा होत्या. ‘असोसिएटेड-रेडिफ्यूजन’ ही लंडनची सोमवार ते शुक्रवारची कंपनी. तिचें चिन्ह तारा. ‘ए. बी. सी.’ ही १९५६ पासून मध्य व उत्तर इंग्लंडांत शनिवार-रविवार सांभाळणारी कंपनी. तिचें चिन्ह त्रिकोणांचें. तारा आणि त्रिकोण हे आकार असे साधे कां, याचेंहि कारण आहे. त्या काळचें ब्रिटिश टेलिव्हिजन-चित्र ४०५ रेषांचें, रंगहीन, आणि घरांतले पडदेहि लहान. बारीक नक्षी त्यांवर टिकली नसती. म्हणून ठळक, सरळ कडांचे, काळ्यावर पांढरे दिसणारे आकारच उपयोगी पडत. कलावंताच्या आवडीनिवडीपेक्षां यंत्राच्या मर्यादेनेंच या मुद्रांना आकार दिला, असें म्हटलें तर चूक होणार नाहीं.

१९६७ सालीं नियामक मंडळानें विभागांची नव्यानें वांटणी जाहीर केली. तींत ए. बी. सी. आणि रेडिफ्यूजन या दोघींना मिळून एक संयुक्त कंपनी काढावी लागली आणि त्या कंपनीवरील वर्चस्व ए. बी. सी.कडे आलें. लंडनचे आठवड्याचे दिवस या नव्या कंपनीस मिळाले. दोन अभिमानी कुळांचा हा विवाह मंडळानें घडवून आणलेला. तेव्हां नव्या घराला तारा शोभेल कीं त्रिकोण? दोन्ही बाजूस सारून शहराच्या नदीचें नांव घेण्यांत आलें. ए. बी. सी.चा टेडिंग्टन येथील स्टुडिओ थेम्सच्या कांठींच होता, त्यामुळें हें नांव केवळ कल्पनेंतलें नव्हतें. ३० जुलै १९६८ रोजीं थेम्स टेलिव्हिजनचें कार्य सुरू झालें.

नव्या कंपनीनें जी मुद्रा स्वीकारली तिच्यांत लंडनचें आकाशरेषेवरील दृश्य होतें. सेंट पॉलच्या प्रार्थनामंदिराचा घुमट, टॉवर ब्रिजचे दोन बुरूज, पार्लमेंटचा घड्याळाचा मनोरा अशा सर्वपरिचित वास्तु एका ओळींत उभ्या, खालीं नदी आणि वर कंपनीचें नांव. पुढें रंगीत चित्रांत वर निळें आकाश आणि खालीं पाण्यांत पडलेलें प्रतिबिंब अशी तिची मांडणी सर्वांच्या डोळ्यांत भरली. यांत एक गंमत आहे. लंडनमध्यें अशी जागाच नाहीं कीं जेथून या सर्व वास्तु अशा खांद्याला खांदा लावून दिसतील. टॉवर ब्रिज आणि पार्लमेंटचा मनोरा यांच्यांत सरळ रेषेनें सुमारें दोन मैलांचें अंतर, आणि मध्यें नदी वळण घेते. म्हणजे चित्र वास्तवाचें नव्हे. तरीहि पाहणाऱ्या लंडनकरास तें खोटें वाटलें नाहीं. घरापासून दूर गेलेल्या माणसाला आपलें शहर आठवतें तें असेंच, चार खुणा एकत्र येऊन. मुद्रेनें स्मृतींतलें लंडन उभें केलें.

चित्रासोबत जे स्वर वाजत ते जॉनी हॉक्सवर्थ या संगीतकाराच्या ‘सॅल्यूट टु थेम्स’ या रचनेंतले. थोडक्या स्वरांची ती चढती ललकारी कानांत बसली, कीं पडद्याकडे पाठ असलेल्या माणसालाहि कळे कीं आतां थेम्सचा कार्यक्रम लागला. मुद्रेचें अर्धें काम डोळ्यांसाठीं असतें, अर्धें कानांसाठीं, आणि कित्येकदां कानाचीच आठवण अधिक टिकते.

१५ नोव्हेंबर १९६९ रोजीं या सेवेचें प्रक्षेपण लंडनसह मोठ्या विभागांत रंगीत झालें. चित्र आतां ६२५ रेषांचें आणि अधिक स्वच्छ. ज्या यंत्रानें पूर्वीं तारा आणि त्रिकोण यांच्यापलीकडे जाऊं दिलें नव्हतें, तेंच यंत्र आतां घुमटाची गोलाई आणि पाण्यांतलें प्रतिबिंब दाखवूं शकत होतें. आकाशरेषेची ही रंगीत मुद्रा जवळजवळ वीस वर्षें चालली. टेलिव्हिजनसारख्या चंचल धंद्यांत वीस वर्षें म्हणजे एक युगच.

या वीस वर्षांत मुद्रेमागें काय उभें होतें, हेंहि पाहिलें पाहिजे. नुसत्या छापानें कापड टिकाऊ होत नाहीं. कापड टिकाऊ निघालें म्हणजे छापाला किंमत येते. १९७३-७४ मध्यें थेम्सनें दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास सांगणारी ‘द वर्ल्ड ॲट वॉर’ ही २६ भागांची मालिका दाखविली. जेरेमी आयझॅक्स हे तिचे निर्माते आणि निवेदन सर लॉरेन्स ऑलिव्हिए यांचें. युद्ध प्रत्यक्ष भोगलेल्या सेनापतींबरोबर सामान्य माणसांचीहि साक्ष तींत नोंदली गेली. त्याच मुद्रेखालीं बेनी हिल यांचे विनोदी कार्यक्रम १९६९ पासून १९८९ पर्यंत चालले, आणि १९७९ पासून ते अमेरिकेंतील ठिकठिकाणच्या केंद्रांवर दिसूं लागल्यावर ज्यांनीं लंडन कधींहि पाहिलें नव्हतें अशा लोकांनाहि ती आकाशरेषा ओळखीची झाली. एकच मुद्रा गंभीर इतिहासावर आणि हलक्याफुलक्या विनोदावरहि. नदी जशी देवळाजवळूनहि वाहते आणि बाजाराजवळूनहि, तसाच हा प्रकार.

बदलाचे वारे १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस वाहूं लागले. प्रत्येक कार्यक्रमाआधीं निर्मात्या कंपनीची मुद्रा दाखविण्याचा प्रघात मागें पडला आणि मुद्रा शेवटाकडे सरकली. १९८९ सालीं सर्व विभागांना एकच सामाईक चेहरा द्यावा अशी योजना निघाली. ‘आय. टी. व्ही.’ हीं तीन अक्षरें मोठीं, आणि त्यांतील शेवटच्या ‘व्ही’ अक्षराच्या पोटांत ज्या त्या कंपनीच्या चिन्हाचा तुकडा. कांहीं कंपन्यांनीं ही योजना सरळ नाकारली. कारण उघड होतें. आजवर कंपनीचें नांव हेंच घर होतें, आतां तें दुसऱ्याच्या घरांतला एक कोनाडा होऊं पाहत होतें. याच सुमारास गणकयंत्रावर हलतीं चित्रें काढण्याची कला आली आणि बहुतेक कंपन्यांनीं आपल्या जुन्या मुद्रा मोडून नव्या घडविल्या. थेम्सनेंहि १९९० मध्यें आकाशरेषेला आटोपशीर रूप देऊन त्रिकोणांत बसविलें. ए. बी. सी.चा त्रिकोण बाजूस ठेवून निघालेल्या घराला अखेरीस त्रिकोणच जवळ करावा लागला, हा केवळ योगायोग असेल. परंतु इतिहासांत असे योगायोग पाहावयास मिळतात.

त्याच १९९० सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें नवा प्रसारण-कायदा केला. पूर्वीं मंडळ अर्जदाराची लायकी पाहून विभाग देई. आतां गुणवत्तेची किमान कसोटी उतरल्यावर बंद पाकिटांतील बोली पाहावयाची आणि सामान्यतः जास्त रक्कम देणाऱ्यास विभाग द्यावयाचा, असें ठरलें. १६ ऑक्टोबर १९९१ रोजीं निकाल जाहीर झाला. लंडनच्या आठवड्यासाठीं थेम्सनें वर्षाला सुमारें ३ कोटि २८ लाख पौंडांची बोली केली होती, आणि ‘कार्लटन’ या नव्या कंपनीनें सुमारें ४ कोटि ३२ लाखांची. थेम्सचा विभाग गेला. त्याच लिलावांत बर्मिंगहॅमच्या सेंट्रल कंपनीस प्रतिस्पर्धीच नव्हता आणि तिनें अवघ्या २,००० पौंडांच्या बोलीवर आपला विभाग राखला, हें पाहिलें म्हणजे या पद्धतींत गुणापेक्षां हिशोबाला आणि नशिबाला किती वाव होता हें दिसून येतें.

थेम्सनें २८ एप्रिल १९८८ रोजीं ‘डेथ ऑन द रॉक’ हा जिब्राल्टरमधील गोळीबाराविषयींचा कार्यक्रम सरकारची विनंती न जुमानतां दाखविला होता. त्याचा सूड म्हणून हा कायदा आला, असें पुष्कळांनीं म्हटलें. उलट पक्षीं, कायदा सर्वच कंपन्यांना सारखा लागू होता आणि थेम्सची बोलीच लहान ठरली, हेंहि खरें. दोन्ही गोष्टी लक्षांत ठेवूनच निवाडा करावा.

३१ डिसेंबर १९९२ च्या रात्रीं थेम्सची लंडनमधील सेवा संपली आणि दुसऱ्या दिवसापासून कार्लटन सुरू झाली. नवी कंपनी आपले कार्यक्रम मुख्यतः बाहेरून करवून घेणारी. तिच्या मुद्रेंत घुमट नव्हता कीं नदी नव्हती. थेम्स मात्र मेली नाहीं. तिनें निर्मितीचें काम चालू ठेवलें. १९९३ सालीं ती पिअर्सन या उद्योगसमूहानें घेतली, आणि १९८४ मध्यें सुरू झालेली तिची पोलिसांवरील ‘द बिल’ ही मालिका २०१० पर्यंत चालली. २००३ मध्यें दुसऱ्या एका कंपनीशीं जोड होऊन तिचें नांव ‘टॉकबॅक थेम्स’ झालें आणि २०१२ मध्यें ‘थेम्स’ हें नांव पुन्हा स्वतंत्रपणें वापरांत आलें. इकडे बोली जिंकणाऱ्या कार्लटनचें नांव लंडनच्या वाहिनीवरून २८ ऑक्टोबर २००२ रोजीं उतरलें. इंग्लंडांतील बहुतेक विभागांचीं जुनीं नांवें त्या दिवशीं एकाच सामाईक नांवांत बुडालीं. हरलेलें नांव राहिलें आणि जिंकलेलें गेलें.

तरीहि नांव राहिलें म्हणजे सर्व राहिलें, असें समजण्याचें कारण नाहीं. १९६८ ची मुद्रा एका जागेची होती. ‘हें लंडनमध्यें, लंडनच्या लोकांनीं घडविलें आहे’, असें ती सांगत असे. त्या शब्दाला जागण्यासाठीं नदीकांठीं स्टुडिओ होता, तेथें सुतार, रंगारी, वादक, छायाचित्रकार नोकरीस होते. टेडिंग्टनचा तो स्टुडिओ २०१६ मध्यें पाडण्यांत आला. आतां मुद्रा आहे ती मालकीची. कार्यक्रमाचे हक्क कोणाकडे, एवढेंच ती सांगते. पहिलीला शेजाऱ्याच्या ओळखीचें मोल होतें, दुसरीला खरेदीखताचें आहे. व्यवहारांत खरेदीखत लागतेंच, परंतु त्याला पाहून मुलें धांवत येत नाहींत.

म्हणून जुना कार्यक्रम पुन्हा दाखवितांना आरंभींचे ते चार-सहा सेकंद वेळेच्या बचतीसाठीं कापून टाकण्याची जी रीत आहे, ती फार विचाराची नव्हे. पुस्तक नव्यानें बांधतांना पहिल्या छापणाऱ्याचें पान फाडून टाकणारा बांधणीकार ग्रंथपालांना आवडत नाहीं. मजकूर शाबूत राहतो खरा, परंतु तो कोणत्या गांवीं, कोणत्या हातांनीं छापला गेला याचा पुरावा जातो. घुमट, पूल, मनोरा आणि त्यांखालीं पाण्यांतली छाया हें चित्र अशा पुराव्याचेंच एक पान आहे.