बाण टेकवायचा कुठं?

‘धनुष्य घेतलंय. रेस्ट कुठली बसवू?’

रात्री साडेअकराला मावसभावाचा हा मेसेज आला आणि मला आधी टोटलच लागेना. दादा हिंजवडीत कोडिंग करतो. वर्षातनं एकदा ट्रेकला जातो आणि तो फोटो वर्षभर डीपीला ठेवतो. रेस्ट म्हटल्यावर मला वाटलं, पठ्ठ्या आरामखुर्ची घेतोय!

तर मंडळी, रेस्ट म्हणजे धनुष्याच्या मधल्या दांड्यावर बसवलेला छोटासा आधार. दोरी ओढताना बाण ज्याच्यावर टेकलेला असतो तो. बोटभर वस्तू. पण दोरी सुटल्यावर बाणाचा धनुष्याशी शेवटचा संबंध येतो तो इथंच. इथं बाण एक केस हलला, की ५० मीटरवर तो टार्गेट सोडून भलतीकडंच जातो.

दादानं घेतलं होतं कंपाउंड धनुष्य. चाकं, केबली वगैरे असलेलं. हॉलेस विल्बर ॲलन नावाच्या अमेरिकन माणसानं साध्या धनुष्याची टोकं कापून त्याला कप्प्या लावल्या आणि १९६९ मध्ये पेटंट मिळवलं, तेव्हापासूनचा हा प्रकार. पूर्ण ओढलं की चाकं फिरतात आणि हातावरचा भार एकदम हलका होतो, साधारण ६५ ते ८० टक्क्यांनी. दादा या हलकेपणावर फिदा होता. त्याच्या किटमध्ये सोबत एक ब्रशसारखी गोल रेस्टही आली होती, पण ती त्याला ‘डाउनमार्केट’ वाटत होती.

‘पण तुला धनुष्य कशाला हवंय?’ मी विचारलं.

‘गावाकडं डुकरं लय झालीत. बघतोच आता एकेकाकडं.’

आता मात्र मी उठून बसले.

डुकरं, हरणं आणि १९७२

आमची मावशी परभणी जिल्ह्यातली. जिंतूर तालुक्यात, येलदरी धरणाच्या अंगाला तिची जमीन आहे. त्या भागातल्या कुणालाही विचारा, रानडुकरांबद्दल तो अर्धा तास बोलेल. भुईमूग उकरतात, ज्वारी लोळवतात. हरभरा उगवून वर आला की हरणांचे कळप उतरतात. हरणं म्हणजे बहुतेक वेळा काळवीट. रात्र-रात्र बॅटरी घेऊन राखण करणाऱ्या माणसाला पुण्यात बसून ‘वन्यजीव वाचवा’ सांगणं सोपं असतं, हे मला मान्य आहे.

पण कायदा कायदा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या फार लांबरुंद आहे. मारणंच नाही, तर मारण्याचा प्रयत्न, हाकणं, आमिष लावणं, फास लावणं, सगळं त्यात येतं. हत्यार बंदूक आहे की धनुष्य, यानं फरक पडत नाही. काळवीट अनुसूची एकमध्ये. तिथं शिक्षा ३ ते ७ वर्षांची. (जोधपूरचं प्रकरण आठवतंय ना? १९९८ च्या घटनेचा निकाल २०१८ मध्ये लागला होता.) रानडुक्कर आता अनुसूची दोनमध्ये आहे. पिकाचं नुकसान करणाऱ्या अशा प्राण्याबाबत कलम ११ खाली अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. पण ती लेखी आणि त्याच्याच सहीची. ‘आमच्याच शेतात आहे’ ही सबब चालत नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओत झाडावर मचाण बांधून बसलेला तो दाढीवाला भारतात थेट कोठडीत बसेल.

जाता जाता एक गंमत. याच १९७२ साली म्युनिकमध्ये तिरंदाजी ५० हून जास्त वर्षांनी ऑलिंपिकमध्ये परतली. त्याच वर्षी परभणीत कृषी विद्यापीठ सुरू झालं. आणि आमच्या आजीला विचाराल तर १९७२ म्हणजे फक्त दुष्काळ.

हे सगळं मी दादाला फोनवर ऐकवलं. तो ‘हूं, हूं’ करत राहिला. पटलेलं नव्हतं.

त्या दिवशी शेतात

दिवाळीला मी परभणीला गेले तेव्हा दादा धनुष्य घेऊन आधीच येऊन बसला होता. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही शेतावर गेलो. डुकरं बाजूला, निदान पोत्यावर मारून बघू, एवढ्यावर तडजोड झाली होती. कडब्याच्या पेंढ्यांना टेकवून मातीनं भरलेली पोती लावली. काका बांधावर उभे. दादाच्या मोठ्या भावाची पोरगी, वय चौदा, सगळ्यात पुढं. तिला मीच दंडाला धरून मागं ओढलं.

दादानं बाण वेगळे मागवले होते. अंदाजानं. ‘लहान बाण हलका, हलका बाण फास्ट,’ असा त्याचा फंडा. त्यानं दोरी ओढली. ओढली, ओढली... आणि बाणाचं टोक रेस्टच्या गोल ब्रशमधून सरकत मागं आलं. आता टोक थेट त्याच्या डाव्या हाताच्या अंगठ्याच्या मागं.

‘अरे, सोडू नकोस!’ मी ओरडले. काकाही ओरडले, पण त्यांना नेमकं काय झालंय ते कळलं नव्हतं. त्यांनी फक्त माझा आवाज ऐकला होता.

दादानं हळूहळू दोरी पुढं आणली. कपाळावर घाम. त्यानं रिलीजचं बटण दाबलं असतं तर तो कार्बनचा बाण त्याच्याच तळहातात घुसला असता. ही तिरंदाजीतली माहितीतली दुखापत आहे, आणि ती बहुतेक वेळा आखूड बाणामुळंच होते. पूर्ण ओढल्यावरसुद्धा बाणाचं टोक रेस्टच्या पुढं राहायलाच हवं, नवशिक्याचं तर चांगलं दोन इंच. रेस्ट कितीही भारी असू द्या, हे गणित चुकलं की खेळ खलास.

काका बांधावरून खाली आले, धनुष्य हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि म्हणाले, ‘डुकराला काय व्हायचं ते होऊ दे, तू आधी स्वतःला मारून घेऊ लालास की!’

त्यानंतर डुकरांचा विषय दादानं काढला नाही. रेस्टचा मात्र काढला. आणि मीही हट्टाला पेटून सगळं समजून घेतलं.

बोटं की बटण?

पहिली रेस्ट म्हणजे माणसाचा स्वतःचा हात. अंगठ्यानं दोरी ओढायची पद्धत असेल तर बाण धनुष्याच्या उजवीकडं, पुढच्या हाताच्या अंगठ्यावर टेकतो. तीन बोटांनी ओढायची असेल तर डावीकडं, पहिल्या बोटाच्या मुळाशी. एकलव्याचा अंगठा गेला म्हणजे नेमकं काय गेलं, हे यावरून जरा कळतं.

आजही रेस्ट निवडताना पहिला प्रश्न हाच, की दोरी सोडताय कशानं? बोटांनी सोडली की दोरी बोटांवरून घरंगळते आणि बाण आडवा लवतो, मासा पोहतो तसा. ऑलिंपिकमधलं रिकर्व्ह धनुष्य असं चालतं. म्हणून तिथं बाणाखाली एक बारीक तार, आणि बाजूला स्प्रिंगचं बटण, ज्याला प्लंजर म्हणतात. बाण आडवा दाबला की बटण तेवढा धक्का पोटात घेतं. सातारा जिल्ह्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला गेला तो याच रिकर्व्हवर. सुरुवात करणाऱ्यांना तर चिकटवायची प्लास्टिकची रेस्टही पुरते, काही शे रुपयांत येते.

कंपाउंडवाले मात्र हातातल्या यंत्रानं, म्हणजे रिलीज एडनं, दोरी सोडतात. तिथं बाण आडवा नाही, वरखाली लवतो. म्हणून आधार खालून हवा. इथं प्लंजर लावणं म्हणजे स्कूटरला नांगर जोडण्यासारखं.

खालून आधार देणारे तीन प्रकार दादासमोर होते.

एक, त्याच्याकडं असलेला ब्रश. गोल कडीत केस, मधोमध बाण. धनुष्य उलटं धरा, हलवा, बाण पडत नाही. हा जन्मलाच शिकाऱ्यांसाठी. पण प्रत्येक बाणाची पिसं या केसांतून घासून जातात. पिसं झिजतात, वेग थोडा कमी होतो, आणि लांबच्या अंतरावर ते दिसतं.

दोन, ब्लेड. स्प्रिंग स्टीलची पातळ पट्टी, टोकाला खाच. साधारण ३० अंशात वर उभी, त्यावर बाण नुसता ठेवलेला. पट्टीची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. ८, १०, १२ अशी मिळते. बाण हलका तर पातळ, जड तर जाड. टार्गेटवाल्यांची ही लाडकी, कारण हिच्यात बिघडण्यासारखं काही नाहीच. तोटा एकच. वाऱ्यात किंवा धडधडत्या हातानं बाण पट्टीवरून खाली पडतो, आणि त्या वेळी तिरंदाजाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

तीन, ड्रॉप-अवे. ही खरी टेक्नॉलॉजी! बाण सुटताना त्याला आधार देते आणि पिसं यायच्या आत खाली पडते, त्यामुळं घासायचा प्रश्नच नाही. हिची दोरी एकतर केबलला बांधतात किंवा लिमला. (लिम म्हणजे धनुष्याचे दोन बाहू. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला दारातलं लिंबाचं झाडच आठवलं.) टायमिंग चुकलं तर मात्र सगळं मुसळ केरात. लवकर पडली तर बाण अधांतरी, उशिरा पडली तर पिसांना धडक. दोरी थोडी ताणली गेली तरी टायमिंग बदलतं, म्हणून गाठीपाशी पेननं खूण करून ठेवावी लागते. आणि किंमत? चांगली घ्यायची तर दहा-पंधरा हजारांच्या पुढं सहज.

दादाचा जीव अर्थातच ड्रॉप-अवेवर. इंजिनिअर माणूस, जास्त पार्ट म्हणजे जास्त चांगलं!

माझं मत विचाराल तर, टार्गेटच मारायचं असेल आणि आठवड्यातून एकदाच धनुष्य हातात येणार असेल, तर ब्लेड घ्या. ड्रॉप-अवेचं टायमिंग तपासत बसायला ज्यांच्याकडं रोजचा वेळ आहे, त्यांची ती वस्तू. कुठलीही घेतली तरी रेस्टवर आणि पिसांवर टाल्कम पावडर मारून एक बाण सोडा. पावडर पुसली गेलेली दिसली, की कुठं घासतंय ते कळलं. मी माझी लिपस्टिकही देऊ केली होती. तीही चालते.

मग ताणलेल्या कागदातून बाण मारायचा. भोक गोल आणि पिसांचे ठसे भोवती सारखे, तर रेस्ट बरोबर. कागद उभा फाटला तर उंची चुकलीय, आडवा फाटला तर डावं-उजवं. एका वेळी एकच स्क्रू हलवा, तोही अर्धा मिलिमीटर. दादानं तीन स्क्रू एकदम फिरवले होते आणि सोमवारची सुट्टी त्यात घालवली.

साताऱ्याची पोरं

या असल्या अर्ध्या मिलिमीटरचं काय घेऊन बसलात, असं वाटत असेल तर ५ ऑगस्ट २०२३ आठवा. बर्लिनची जागतिक स्पर्धा. कंपाउंडमध्ये १७ वर्षांची अदिती स्वामी १४९-१४७ नं जिंकली. त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळे १५०-१४९ नं. १५ बाण, १५ दहा! ५० मीटरवर दहाचं वर्तुळ ८ सेंटिमीटरचं असतं, म्हणजे चहाच्या बशीपेक्षाही लहान. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या अकादमीत तयार झाले. त्याच वर्षी मे महिन्यात बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरनं शांघायच्या वर्ल्ड कपमध्ये नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९-१४८ नं हरवलं होतं. एका गुणाचा फरक! लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदाच होणार आहे.

हे सगळं मी शेतातनं परत येताना जीपमध्ये सांगत होते. दादा ऐकत होता की नाही माहीत नाही. पुतणी ऐकत होती. ‘आत्या, अदितीचा बाण कशावर टेकवलेला असतो?’ तिनं विचारलं. मोठ्यांपैकी कुणालाही हा प्रश्न सुचला नव्हता.

दादानं पुण्याला परतल्यावर स्वतःसाठी योग्य लांबीचे बाण कापून घेतले आणि आठवडाभर पगाराचा हिशेब करत ब्लेड रेस्ट मागवली. पण धनुष्य मात्र अजून परभणीलाच आहे. त्याचं ओढायचं माप कमी-जास्त करता येतं आणि वजनही, म्हणून ते पुतणीला लागेल इतकं हलकं करून ठेवलंय. दादाला आखूड पडलेले बाण तिला नीट बसतात, टोक रेस्टच्या पुढं दोन इंच राहतं. तिच्यासाठी ब्लेड बसवायचीच नाही असं मीच सांगितलं. पहिल्या वर्षी हात थरथरतो, बाण सारखा पडला तर पोरगी कंटाळेल. तिला तो ‘डाउनमार्केट’ ब्रशच बरा.

नियम दोनच घालून दिलेत. बाण लावल्याशिवाय दोरी सोडायची नाही, नाहीतर धनुष्यच फुटतं. आणि पोत्यांच्या मागं कुणी नाही, हे काकांनी स्वतः जाऊन बघितल्याशिवाय ओढायची नाही.

काका आता रोज संध्याकाळी पोत्यांच्या मागं चक्कर मारून येतात. येताना हरभऱ्यातली हरणंही हाकलून येतात, टाळ्या वाजवत. हाकणंही कायद्यात बसत नाही, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.