आकड्याखालची सही

सागरी नकाशावर, म्हणजे चार्टवर, पाण्याच्या निळ्या पट्ट्यात बारीक आकडे विखुरलेले असतात. एखाद्या ठिकाणी ७ आणि त्याच्या पायाशी लहानसा २ दिसला, तर तिथली खोली सात मीटर वीस सेंटिमीटर. तीही उधाणाच्या ओहोटीला पाणी पार उतरते तेव्हाच्या पातळीपासून धरलेली, म्हणजे एरवी त्याहून जास्तच पाणी मिळावे. हजारो टनांचे जहाज कप्तान या आकड्याच्या भरवशावर आत घेतो. हा आकडा काढण्याचे शास्त्र म्हणजे हायड्रोग्राफी, मराठीत जलसर्वेक्षण. नदी आणि भूजलाचा अभ्यास करणारी हायड्रॉलॉजी वेगळी. प्रवेश घेऊ पाहणाऱ्यांचा पहिला घोळ बहुधा इथेच होतो. दुसरा घोळ अधिक खोल आहे. या विषयाच्या पदव्युत्तर शिक्षणात समुद्राची खोली मोजायला शिकवतात, अशी समजूत असते. खोली यंत्र मोजते. यंत्राने दिलेला आकडा किती चुकला असू शकतो हे ठरवायचे आणि त्याखाली सही करायची, हे खरे शिक्षण. अभ्यासक्रम याच कसोटीवर पारखून घ्यावा, असे मला वाटते.

ही कसोटी कशासाठी, ते यंत्राच्या कामातच दिसते. बोटीच्या तळाशी बसवलेला मल्टीबीम एको साउंडर ध्वनीचे शेकडो झोत पंख्यासारखे खाली सोडतो आणि प्रत्येकाच्या परतीच्या वेळेवरून खोली काढतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर धावतो. पण हा वेग तापमान, क्षारता आणि खोलीप्रमाणे बदलतो. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी गोडे पाणी वर आणि खारे खाली असले, की तिरपे गेलेले झोत वाटेत वाकतात. मग सपाट तळ पडद्यावर ताटाच्या काठासारखा कडेला उचललेला दिसतो. त्यात बोट डोलत असते. समजा पाणी २० मीटर खोल आहे आणि बोटीचा कल मोजण्यात एका अंशाची चूक राहिली, तर उभ्या रेषेपासून ६० अंशांवर गेलेल्या झोताची खोली सुमारे ६० सेंटिमीटरने चुकते. जिथे जहाजाचा तळ आणि समुद्राचा तळ यांत थोडेच अंतर उरते, अशा जागांसाठी आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेच्या 'एस-४४' मानकातील 'स्पेशल ऑर्डर' ही श्रेणी आहे. ती एवढ्या खोलीला जेमतेम २९ सेंटिमीटर चूक चालवून घेते. भरती-ओहोटीचा हिशेब आणखी वेगळा. कोणती पातळी शून्य धरायची, हाही एक निर्णयच असतो. तो घेण्याच्या 'इंडियन स्प्रिंग लो वॉटर' या पद्धतीत तर आपल्या किनाऱ्याचेच नाव आहे, आणि ती मांडणारा जॉर्ज डार्विन हा चार्ल्स डार्विनचा मुलगा. ध्वनिशास्त्र, भूगणित, संख्याशास्त्र आणि भरती-ओहोटी हे विषय अभ्यासक्रमात येतात ते या साऱ्या चुका एकत्र तोलता याव्यात म्हणून. ज्यांचे गणित बारावीनंतर सुटले आहे, त्यांनी आधी ते पक्के करावे.

हमी शिळी झाली की काय होते, याचा दाखला ७ ऑगस्ट १९९२ चा आहे. 'क्वीन एलिझाबेथ २' हे प्रवासी जहाज अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ खडकांवर घासले. जहाज पाण्यात सुमारे ३२ फूट बुडालेले होते आणि चार्टवर खोली ३९ फूट होती. पण ते सर्वेक्षण १९३९ चे. खडक त्यातून निसटले होते. वेगात चालणारे जहाज उथळ पाण्यात आणखी खाली बसते, आणि तो अंदाजही कमी पडला. आकडा होता, फक्त त्याच्यावर किती विसंबायचे हे कप्तानाला पुरेसे कळत नव्हते.

म्हणून विद्यापीठाच्या नावाआधी त्या विशिष्ट अभ्यासक्रमाची मान्यता बघावी. सर्वेक्षक, जलसर्वेक्षण आणि नकाशाशास्त्र यांच्या तीन आंतरराष्ट्रीय संघटनांचे संयुक्त मंडळ अभ्यासक्रमांना 'कॅटेगरी ए' किंवा 'कॅटेगरी बी' दर्जा देते. 'ए'मध्ये सिद्धान्ताची बैठक सखोल असते, 'बी'चा भर प्रत्यक्ष कामावर असतो. ही मान्यता अख्ख्या विद्यापीठाला नसते आणि कायमचीही नसते. कधी एकाच पदवीत ठरावीक विषय घेतले तरच ती लागू होते. शिवाय ती अभ्यासक्रमाची असते, विद्यार्थ्याची वैयक्तिक पात्रता नव्हे; त्यासाठी पुढे कामाचा अनुभव लागतोच. गोव्यात नौदलाची राष्ट्रीय जलसर्वेक्षण संस्था आहे. परदेशात न्यू हॅम्पशायर विद्यापीठाचे सागरी नकाशांकन केंद्र आणि हॅम्बुर्गचे हाफेनसिटी विद्यापीठ ही ठळक नावे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: उद्या स्वयंचलित बोटी आणि संगणक हे सगळे करतील, मग पदवी कशाला? आक्षेप पोकळ नाही. २०१९ मध्ये समुद्रतळ नकाशांकनाची 'शेल ओशन डिस्कव्हरी एक्सप्राइझ' स्पर्धा जिंकणाऱ्या संघाने मानवरहित बोटच वापरली होती. पण तो संघ न्यू हॅम्पशायरमध्ये याच विषयाचे प्रशिक्षण घेतलेल्यांचा होता. आकडे गोळा करणारे हात कमी होतील, हे मान्य. पण बोटीवर माणूस नसेल तर चूक किनाऱ्यावर बसूनच पकडावी लागते आणि तिथे सिद्धान्ताखेरीज हाताशी काही नसते. नुसते सॉफ्टवेअर शिकलेल्याने मात्र काळजी करावी.

दुसरा आक्षेप क्षेत्र अरुंद असल्याचा. जागा मोजक्या असतात, हे खरे. पण काम चार्टपुरते नाही. पालघरजवळ वाढवणचे बंदर उभे राहते आहे. भराव, गाळउपसा, समुद्राखालच्या केबल, तेलाच्या नळ्या, सगळीकडे आधी आणि नंतर मोजणी लागते. एक चौरस किलोमीटर उपशात खोलीचा आकडा सरसकट १० सेंटिमीटरने चुकला, तर एक लाख घनमीटर गाळाचे बिल कमी-जास्त होते. तेव्हा कंत्राटदार आणि बंदर दोघेही सर्वेक्षकाचाच अहवाल पुढे करतात. आणि २०२५ च्या मध्यापर्यंत जगाच्या समुद्रतळापैकी आधुनिक मानकांनुसार मोजलेला भाग २७.३ टक्केच होता.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. परदेशी पदवीचा खर्च मोठा, मग 'बी' करून थेट नोकरी का धरू नये? ज्याला बोटीवरच काम करायचे आहे, त्याने खुशाल तसे करावे. मात्र पुढे सर्वेक्षणाची आखणी करायची आणि अहवालाची जबाबदारी घ्यायची असेल, तर 'ए'च्या सिद्धान्ताला पर्याय नाही. कर्ज काढण्याआधी त्या विभागाकडे एक गोष्ट मागावी. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात किमान चार आठवड्यांचा क्षेत्रप्रकल्प असावाच लागतो. मागच्या तुकडीचा त्याचा अहवाल मागवावा. रंगीत समुद्रतळाची चित्रे सगळेच दाखवतात. ती ओलांडून अनिश्चिततेचे प्रकरण किती पानांचे आहे आणि विद्यार्थ्यांनी स्वतःच्या कोणत्या चुका त्यात लिहिल्या आहेत, ते वाचावे.