साहेबांना पटवायचं कसं?

(लेखमाला : खुला संगणक, लेखांक ६)

मुक्त सॉफ्टवेअर कोण लिहितं आणि का लिहितं, हे आपण मागच्या लेखांकांत पाहिलं. आता खरा पेच. संगणकातलं फारसं कळत नाही, पण सही ज्याची चालते, अशा माणसाला ते पटवायचं कसं? नगरपालिकेचे मुख्याधिकारी, शिक्षणसंस्थेचे चिटणीस, पतसंस्थेचे संचालक यांच्यासमोर बसलेला उत्साही कार्यकर्ता बहुतेक वेळा सुरुवातच करतो, “साहेब, हे फुकट आहे.” तिथेच डाव फसतो. फुकट म्हटल्यावर साहेबांना पहिली शंका येते, उद्या बिघडलं तर धरायचं कोणाला? ही शंका रास्त आहे. शिवाय किमतीचा मुद्दा विक्रेता दर पाडून केव्हाही काढून घेऊ शकतो.

जर्मनीतल्या म्युनिकमध्ये तसंच घडलं. तिथल्या पालिकेचे सुमारे १४ हजार संगणक विंडोज एनटी ४ वर चालायचे. मायक्रोसॉफ्ट त्याला आधार देणं थांबवणार म्हटल्यावर पालिकेला नवा पर्याय शोधणं भागच होतं. कल लिनक्सकडे झुकतोय असं दिसताच मार्च २००३ मध्ये कंपनीचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्कीइंगची सुट्टी अर्धवट सोडून महापौर क्रिस्टियान ऊडे यांना भेटायला आले. त्यानंतर दर उतरत गेले. त्या वेळी वर्तमानपत्रांत आलेल्या आकड्यांनुसार मायक्रोसॉफ्टचा शेवटचा प्रस्ताव सुमारे २ कोटी ३७ लाख डॉलरचा होता आणि लिनक्सचा ३ कोटी ५७ लाखांचा. तरीही मे महिन्यात नगरसेवकांनी महागड्या लिनक्सच्या बाजूने मतं दिली. आपले संगणक कधी बदलायचे हे पुरवठादाराने ठरवू नये, हा मुद्दा त्यांना पटला होता आणि तो दर पाडून खोडता येत नव्हता.

पुढची गोष्ट प्रचारक सहसा सांगत नाहीत. सांगायला हवी. स्थलांतर पुरं व्हायला २०१३ उजाडलं. वेळ खाल्ला तो नव्या प्रणालीने नाही, तर खात्याखात्यांत साठलेल्या पत्रांच्या नमुन्यांनी, फॉर्मांनी आणि मॅक्रोंनी. ते सांभाळण्यासाठी पालिकेने ‘वोलमक्स’ नावाचं साधन स्वतः लिहून घेतलं आणि पुढे सगळ्यांसाठी खुलं केलं. २०१४ मध्ये महापौर बदलले, तक्रारींना धार आली आणि २०१७ मध्ये पालिकेने विंडोजकडे परतायचं ठरवलं. कार्यालयाची ईमेल मोबाइलवर धड येत नाही, हीसुद्धा त्यातली एक तक्रार. आता ईमेलचा सर्व्हर आणि टेबलावरच्या संगणकातलं लिनक्स यांचा संबंध काय? पण कर्मचाऱ्याच्या लेखी कचेरीत जे जे अडतं ते नव्या प्रणालीमुळेच. म्हणून “फरक जाणवणारसुद्धा नाही” असं वचन कोणालाही देऊ नका. पहिलं वर्ष कुरकुरीचं जाणार, प्रशिक्षणाला आणि देखभालीच्या कंत्राटाला पैसे लागणार, हे आधीच सांगा. ‘धरायचं कोणाला’ याचं उत्तरही त्या कंत्राटातच आहे. एका कंत्राटदाराचं काम पटलं नाही तर दुसरा नेमता येतो, कारण सॉफ्टवेअरचा कोड कोणा एकाच्या तिजोरीत नसतो.

मग साहेबांपुढे ठेवायचं काय? माझ्या मते, त्यांच्याच कपाटातली एखादी जुनी सीडी. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर कंपन्यांच्या खास फॉन्टमध्ये टाइप व्हायचा. तेव्हा फाइलमध्ये ‘क’ साठत नसे, साठायचा तो एखाद्या इंग्रजी अक्षराचा किंवा चिन्हाचा क्रमांक. त्या क्रमांकावर कान्याचं, वेलांटीचं किंवा अर्ध्या अक्षराचं चित्र बसवायचं काम फॉन्ट करायचा, आणि ही मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी. आज तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की २००१ चा वार्षिक अहवाल म्हणजे नुसता डॉलर, कंस आणि टिंबांचा पसारा दिसतो. डीटीपीवाल्यांना हे नवं नाही, कन्व्हर्टर चालवून जोडाक्षरं हाताने दुरुस्त करण्यात त्यांचे दिवस गेलेत. अहवाल संस्थेचा, पण वाचायची सोय मात्र दुसऱ्याच्या हातात. हे पाहून साहेब गप्प होतात. मग सांगावं, की कागदपत्रं ओडीएफसारख्या खुल्या स्वरूपात ठेवली तर ती कोणत्याही कंपनीवाचून उघडता येतात.

पेरूचे खासदार एद्गार व्हियानुएव्हा यांनी २००२ मध्ये हाच धागा धरला होता. सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचं विधेयक त्यांनी मांडलं. मायक्रोसॉफ्टच्या पेरू शाखेने आक्षेपांचं पत्र पाठवलं, त्याला त्यांनी मुद्देसूद उत्तर दिलं. नागरिकांना सरकारी माहिती मोकळेपणाने मिळणं, ती कायम टिकणं आणि देशाची सुरक्षितता, ही त्यांची तीन कारणं. पैशांची बचत हा विधेयकाचा मूळ हेतूच नाही, हेही त्यांनी साफ लिहिलं. सक्तीचा तो कायदा झाला नाही. पत्र मात्र जगभर वाचलं गेलं.

आपल्याकडे तर सरकारी कागदच हाताशी आहे. केंद्र सरकारच्या २०१५ च्या धोरणानुसार प्रस्ताव मागवतानाच मुक्त सॉफ्टवेअरचा विचार करण्याची अट घालायची असते, आणि ते वगळलं तर पुरवठादाराने कारण द्यायचं असतं. तेव्हा साहेबांना भेटायचं ते निविदेचा मसुदा तयार व्हायच्या आधी. निविदेत विशिष्ट कंपनीच्या उत्पादनाचं नाव एकदा छापून आलं की मग चहापाण्यापलीकडे काही निघत नाही.

पुढच्या लेखांकात केरळच्या सरकारी शाळांकडे वळू.